मुंबईच्या समुद्रभिंतीचा खर्च खरंच कामाचा आहे का?

प्रश्न (वैनगंगाकाठ): समुद्र चढतो म्हणून मुंबईत भिंती, टेट्रापॉड (किनाऱ्यावर टाकतात ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे). तुंबते तर पावसाचं पाणी! मग एवढा पैसा कशाले?

उत्तर: शंका रास्त आहे भाऊ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. भरतीत नाल्यांची तोंडं बुडाली की पाणी उलटं येते. भिंत ते थांबवत नाही. आधी फ्लॅप गेट (नाल्याच्या तोंडावरची झडप, पाणी बाहेर जाऊ देते पण आत येऊ देत नाही) अन् पंप पाहिजेत.

उत्तर: वैनगंगा फुगली की आपल्या नाल्यातही हेच होते. झडपेत एक फांदी अडकली तरी बोटभर फट राहते, तेवढ्यातून पाणी गावात शिरते. मृगाआधी झडप हलवून पाहा, बिजागरीत ग्रीस भरा, रबर सील तपासा.

उत्तर: टेट्रापॉड लाटेचा जोर मोडतात, पातळी अडवत नाहीत. शिवाय लाट पायथ्याची वाळू उकरते अन् भिंत झुकते. डागडुजीची तरतूद नसेल तर विरोध कराच.