आयर्लंडमधले पवित्र झरे आणि जुनी ख्रिस्ती स्थळं: जूनमध्ये कशी पाहावीत?

मांडवीकाठ:
जूनमध्ये आयर्लंडला तीन आठवडे जाणं होतंय. डब्लिनची संग्रहालयं नकोत. गावागावांतल्या 'होली वेल', जुने मठ, कोरीव क्रूस आणि ओघम शिळा (जुन्या आयरिश लिपीत कोरलेले दगड) पाहायच्या आहेत. नकाशावर नाव दिसतं, पण शेतात नेमकी जागा कशी ओळखायची? झऱ्याभोवती भाविक फेऱ्या घालतात, त्याची रीत काय? आणि पाणी तीर्थ म्हणून घेता येतं का?

डिचोलकर:
आधी 'वेल' म्हणजे विहीर हे मनातून काढा. कठडा, रहाट शोधत गेलात तर झऱ्याच्या शेजारून पुढे निघून जाल. बहुतेक ठिकाणी आपल्या झरीसारखंच असतं: उताराच्या पायथ्याशी पाणी पाझरतं, त्याला दगडी चौकट, वर एखादी सपाट शिळा, खोली गुडघाभरही नाही. देशभरात अशा सुमारे ३,००० जागा सांगितल्या जातात. त्यातल्या बऱ्याच आटल्या किंवा शेताच्या निचऱ्यात गेल्या.

शोधायला तिथल्या राष्ट्रीय स्मारक सेवेचा 'हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट व्ह्यूअर' हा ऑनलाइन नकाशा वापरा. ठिपक्यावर टिचकी मारली की स्मारकाचा प्रकार आणि अनेकदा वर्णनही मिळतं. वर्णन वाचल्याशिवाय निघू नका. ठिपका नोंदीचा असतो, आज तिथे काही दिसेलच असं नाही.

गावांची नावंही वाट दाखवतात. 'टोबर' किंवा 'टबर' म्हणजे झरा, 'डोनाघ' म्हणजे फार जुनं चर्च, 'डिझर्ट' म्हणजे तपस्व्याची एकांत जागा. 'किल' मात्र फसवं आहे. ते 'किल' म्हणजे चर्च यावरून आलेलं असतं, तसंच 'क्विल' म्हणजे रान यावरूनही. खात्री करायची तर दफनभूमीची कड बघा. सुरुवातीच्या मठांची आवारं गोल असत. सरळ जाणारा रस्ता दफनभूमीपाशी येऊन तिच्या भिंतीला धरून वळत असेल, तर तिथे थांबून शोधा.

ओघम शिळेवर मधोमध काही शोधू नका. अक्षरं म्हणजे दगडाच्या धारेवरच्या आडव्या-तिरप्या खाचा, आणि वाचायचं खालून वर. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन असेल तेव्हाच नीट दिसतात.

फेस्ताची वाट:
फेऱ्यांबद्दल. दिशा आपल्या प्रदक्षिणेचीच, झरा उजव्या हाताला ठेवून. तिथे तिला 'देशल' म्हणतात, सूर्याच्या गतीने. उलटी फेरी शापाशी जोडलेली आहे, म्हणून चुकूनही घालू नका. संताच्या दिवशीच्या मेळाव्याचं नाव 'पॅटर्न', ते 'पेट्रन'वरून आलं. आपल्या गोव्यातलं चर्चचं फेस्तच ते.

फेऱ्या किती, हे प्रत्येक झऱ्याचं वेगळं. काही ठिकाणी पाटी असते, नसेल तर गावात विचारा. मोजायला तितके खडे हातात घेतात आणि दर फेरीला एक टाकतात. कॉर्कमधल्या बॅलिव्हर्नी इथे संत गोबनेटच्या स्थानांवर भाविक खड्याने दगडावर क्रूस ओरखडतात. पिढ्यान्‌पिढ्या त्याच रेघांवर घासून त्या खोल झाल्या आहेत. ही रीत त्याच ठिकाणची. दुसऱ्या कुठल्याही कोरीव दगडाला खडा लावू नका.

झाडावर चिंध्या दिसतील, बहुधा हॉथॉर्न किंवा अ‍ॅशवर. कापड पाण्यात भिजवून दुखऱ्या जागी लावायचं, मग बांधायचं. ते कुजेल तसं दुखणं ओसरतं अशी श्रद्धा. आता लोक नायलॉनच्या रिबिनी बांधतात. त्या कुजत नाहीत, फांदी जाड होते तशी गाठ सालीत रुतते आणि फांदी मरते. बांधायचंच असेल तर सुती पट्टी, सैल. नाणी खोडात ठोकू नका. लीशमधल्या क्लोनेना इथलं संत फिंटनचं झाड नाण्यांनीच खचलं.

सांगेकर:
पाणी पिऊ नका. गुरं वरच्या कुरणात चरतात, शेणखत झिरपतं. क्लेअरमधल्या बरेनसारख्या चुनखडीच्या प्रदेशात पाणी भेगांतून झपाट्याने वाहतं, मातीतून गाळलं जातच नाही, त्यामुळे पाऊस पडला की दूषित होतं. उकळून जंतू मरतील, नायट्रेट तसंच राहील. कपाळाला, डोळ्यांना लावण्यापेक्षा हाताला लावा. तेवढं पुरे.

खासगी शेतातून चालण्याचा सर्वसाधारण हक्क तिथे नाही. घरी जाऊन विचारा. फाटक जसं असेल तसंच ठेवा, उघडं तर उघडं. लांब पँट घाला, नेचांत गोचिडी असतात आणि त्यांपासून लाइम रोग होतो.

मांडवीकाठ:
छान. मग तारखा कशा बसवू?

डिचोलकर:
३ जून संत केविनचा दिवस, तेव्हा त्याच्या मठाचं ठिकाण, ग्लेंडालॉक. तिथला गोल मनोरा सुमारे ३० मीटर उंच, दार जमिनीपासून तीन-साडेतीन मीटरवर. मग डोनेगॉल, कारण ९ जूनला ग्लेनकोलमकिलचा 'तुरस', म्हणजे पायी यात्रा: सुमारे ५ किलोमीटरची वाट, १५ स्थानं, कित्येक ठिकाणी कोरीव क्रूसशिळा. जुन्या रीतीने मध्यरात्री अनवाणी चालतात. तुम्ही आदल्या दिवशी उजेडात वाट पाहून ठेवा. तिथून दक्षिणेला क्लेअर, लिस्कॅनरचा संत ब्रिजिटचा झरा. बोळासारख्या आडोशाच्या भिंतींना तसबिरी, जपमाळा, दिवंगतांचे फोटो खच्चून लावलेले आहेत आणि पाणी आत टोकाला. आतून फोटो काढताना त्या चेहऱ्यांचा विचार करा.

डाऊनपॅट्रिकजवळचे स्ट्रुएल झरे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये येतात. व्हिसावर दोन्ही देशांच्या संयुक्त योजनेचा शेरा नसेल तर सीमा ओलांडू नका. रस्त्यावर चौकी नाही, म्हणून चूक सहज होते.

फेस्ताची वाट:
मुक्काम २३ जूनपर्यंत नेता आला तर न्या. आपल्याकडे गोव्यात सांजांवला, म्हणजे संत जॉनच्या सणाला, विहिरीत उड्या पडतात, तिथे पश्चिमेकडच्या गावांत त्याच संताच्या आदल्या संध्याकाळी होळ्या पेटतात.