गच्चीवरचा शनिवार : प्रेमकादंबऱ्यांवरचे कोणते पिक्चर लावायचे?

सचिव काका (ए-१०१): मे महिन्यात चार शनिवारी गच्चीवर पिक्चर लावायचं ठरलंय. विषय : जुन्या गाजलेल्या प्रेमकादंबऱ्यांवर निघालेले. लातूरच्या उन्हाळ्यात साडेसातच्या आधी पडद्यावर काही उमटत नाही आणि दहाला स्पीकर बंद. म्हणजे हातात अडीच तास. नावासोबत कारण लिहा, नुसते अंगठे मोजणार नाही.

बी-२०३ वहिनी: शाहरुखचा देवदास. डोला रे साठी तरी.

सी-४०२ सर: वहिनी, तो तीन तासांचा आहे, दहाच्या आत उरकत नाही. शिवाय शरदबाबूंच्या (शरच्चंद्र चट्टोपाध्याय) मूळ बंगाली कादंबरीत (१९१७) पारो आणि चंद्रमुखी एकमेकींना भेटतच नाहीत. बिमल रॉय यांनी १९५५ मध्ये दोघींना रस्त्यात फक्त समोरासमोर आणलं. नजरानजर होते, कुणी बोलत नाही. २००२ मध्ये त्याच जागी अख्खा नाच आला. देखणा आहे, वाद नाही. पण जमीनदाराच्या घरची बाई चंद्रमुखीसोबत चारचौघांत नाचू शकते, तर देवदास-पारोला अडवणारा धाक उरला कुठं? पुढं तिला शिक्षा होते, तोवर उशीर झालेला असतो. धाक पातळ झाला की देवदासचं पिणं नुसता हट्ट वाटायला लागतं.

ए-३०४ दादा: सर, तुम्ही लई खोलात जायलात. गाणी चांगली असली की झालं.

सी-४०२ सर: गाणी १९५५ च्या देवदासलाही सचिनदेव बर्मन यांची आहेत, दादा. आणि सैगलच्या १९३६ च्या हिंदी देवदासचा कॅमेरा बिमलदांनीच सांभाळला होता, म्हणजे हा माणूस ती कथा आतून ओळखत होता. अडीच तासांपेक्षा थोडा जास्त आहे. श्रेयनामावली उजेडातच सुरू केली तर बसतो.

डी-१०२ ताई: माझं मत परिणीताला, २००५ चा. सव्वादोन तासांच्या आत संपतो. मूळ कादंबरी (१९१४), तीही शरदबाबूंचीच, इतकी छोटी आहे की दोन दुपारी वाचून होते. छोट्या पुस्तकाचा फायदा असा की कापाकापी लागत नाही, भर घालायला जागा मिळते. प्रदीप सरकार यांनी काळ १९६२ च्या कलकत्त्यात आणला, शेखरला गाणारा केला, शेवटी दोन घरांमधली भिंत फोडणं तर पूर्ण त्यांचंच. पुस्तकात ललिता तेरा वर्षांची आहे, म्हणून पडद्यावर तिचं वय वाढवणं भागच होतं. मात्र एक गोष्ट हलवली नाही : मामाच्या घरावरचं कर्ज. शेखरच्या बापाकडं घर गहाण आहे, म्हणून ललिता तोंड उघडू शकत नाही. कर्ज काढून टाका, मग गुपचूप एकमेकांना माळ घातल्यानंतर दोघं सरळ बोलून मोकळे होतील आणि पिक्चर अर्ध्या तासात संपेल.

सी-४०२ सर: हाच मुद्दा. प्रेम कुठल्याही काळात नेता येतं, अडचण नेता आली पाहिजे. जेन ऑस्टिनच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'त (१८११) बाप गेल्यावर घर सावत्र भावाकडं जातं आणि मुली उघड्यावर पडतात. राजीव मेनन यांच्या तमिळ 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन'मध्ये (२०००) मृत्युपत्रामुळं वाडा जातो. हे आपल्याकडं कुणालाही समजावून सांगावं लागत नाही, वाटणीचे खटले घरोघर आहेत. कादंबरीत धाकट्या बहिणीवर प्रेम करणाऱ्या कर्नल ब्रँडनचा तिथं पाय गमावलेला लष्करी मेजर झाला, काम मामूट्टीचं. उलट ऑस्टिनच्याच 'एमा' कादंबरीवरचा आयशा (२०१०) बघा. दिल्लीतल्या पैसेवाल्या मुली, लग्न जमलं नाही तरी कुणाचं काही अडत नाही. कपडे छान, बाकी पोकळ.

बी-२०३ वहिनी: मग प्राइड अँड प्रेज्युडिस कोणता? मुलींना तोच पाहिजे.

डी-१०२ ताई: गच्चीसाठी जो राइट यांचा २००५ चा. दोन तासांच्या जरा पुढं. बीबीसीचा १९९५ चा जास्त सखोल आहे, पण सहा भाग आहेत, एका शनिवारी दोन दाखवले तरी तीन शनिवार जातील. ज्यांना पुस्तक अख्खं वाचायचं नाही त्यांनी ६१ पैकी ३४ ते ३६ एवढी तीन प्रकरणं वाचून यावं : मागणी, नकार, डार्सीचं पत्र. मागणी पुस्तकात बंद खोलीत होते, २००५ मध्ये भर पावसात. आणि तो तळ्यातून ओला होऊन येणारा डार्सी फक्त बीबीसीवाला, पुस्तकात तो प्रसंगच नाही, त्याची वाट बघत बसू नका.

ए-३०४ दादा: पत्र वाचताना पिक्चर झोपतो बघा. कामून ठेवतात?

सी-४०२ सर: चांगला प्रश्न. पत्र म्हणजे मनातलं, आणि कॅमेऱ्याला मन दिसत नाही. नुसता आवाज लावून कागद दाखवला की गाडी थांबते. बीबीसीनं पत्राच्या वेळी जुने प्रसंग दाखवले. 'सरस्वतीचंद्र'मध्ये (१९६८) पत्राचं गाणंच केलं, 'फूल तुम्हें भेजा है ख़त में'. गोवर्धनराम त्रिपाठींची चार भागांची गुजराती कादंबरी, तिच्यातला राजकारणाचा पसारा पिक्चरमध्ये मावणं शक्यच नव्हतं, म्हणून दोघांपुरतं धरलं. सर्वांत सरस मात्र सत्यजित राय यांची 'चारुलता' (१९६४). टागोरांच्या 'नष्टनीड'मधला एकटेपणा त्यांनी एका दुर्बिणीवर आणला. चारू खिडक्या बदलत रस्त्यावरची माणसं बघते, मग त्याच दुर्बिणीतून शेजारून जाणाऱ्या नवऱ्याला. एक शब्द नाही.

सचिव काका (ए-१०१): मराठी एक तरी पाहिजे, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या आज्या येणार नाहीत.

डी-१०२ ताई: जैत रे जैत (१९७७). गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, नाग्या आणि चिंधी. गाणी आपल्या अजिंठ्याकडच्या ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथांचं. इथं गाणी मधे घुसत नाहीत, कथा तीच पुढं नेतात. स्पीकर चांगला नसला तर निम्मी मजा गेली.

ए-३०४ दादा: स्पीकरचं मी बघतो. ब्लूटूथ नको, ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. प्रोजेक्टरपासून वायर ओढू. चादर पण नको, वाऱ्यानं फुगते आणि चित्र लाटा मारतं. पाण्याच्या टाकीची भिंत आहे, एक हात पांढरा मारला की झालं. चित्राची खालची कड चार फुटांवर घ्या, नाहीतर इंग्रजी आणि बंगालीच्या खालच्या पट्ट्या पुढच्यांच्या डोक्यामागं जातात.

सचिव काका (ए-१०१): ठीक. पहिला शनिवार जैत रे जैत, मग परिणीता, मग प्राइड. चौथ्याला देवदास ५५ की चारुलता, उद्या रात्रीपर्यंत सांगा. आणि शनिवारचा टँकर सातच्या आत बोलवा, गच्चीखालची मोटार चालू झाली की एक संवाद ऐकू येत नाही.

बी-२०३ वहिनी: देवदास. पण नावं सव्वासातला सुरू करा म्हणजे करा.