इंग्लंडमधली जुनी आल्म्सहाउसेस: चौक कशासाठी?

मृण्मयी_दादर: नमस्कार. मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सबमिशनला वृद्धनिवासाचा आराखडा करायचाय. गरीब म्हाताऱ्यांसाठी दानधर्मातून बांधलेल्या इंग्लंडमधल्या आल्म्सहाउसेसचे प्लॅन बघतेय. बहुतेक ठिकाणी मध्ये चौक. ही नुसती मठांची नक्कल, की काही सोय होती? सुरुवात कुठून करू?

नकाशेवाले काका, गिरगाव: नक्कल होतीच, पण चौकाआधी दारं मोज. चिचेस्टरचं सेंट मेरीज हॉस्पिटल घे, नावात हॉस्पिटल असलं तरी पुढे ते आल्म्सहाउसच झालं. तेराव्या शतकाच्या अखेरचा एकच लांब हॉल, जमिनीपर्यंत उतरत आलेलं कौलारू छप्पर आणि टोकाला चॅपल, म्हणजे अंथरुणावरूनही प्रार्थना कानी पडावी. पुढे सतराव्या शतकात त्याच छपराखाली छोटी छोटी घरं बांधली. प्रत्येकाला स्वतंत्र चूल, आणि विटांची धुराडी थेट कौलं फोडून वर काढलेली. त्याचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, हाताने काढ, सगळं उलगडेल. माझी आत्या वृद्धाश्रमात गेली तेव्हा तिने एकच विचारलं होतं, "दाराला आतून कडी आहे ना?" चौक हवाच, पण तो आपलं दार उघडून जिथे जावंसं वाटेल असा हवा.

सायली_परळ: लंडनच्या माइल एंड रोडवरचं ट्रिनिटी ग्रीनही बघ. १६९५ चं, जहाजांचे २८ वृद्ध कप्तान किंवा त्यांच्या विधवा यांच्यासाठी. समोरासमोर दोन रांगा, टोकाला चॅपल, रस्त्याकडच्या भिंतींवर जहाजांच्या प्रतिकृती. चौथी बाजू रस्त्याला उघडी, त्यामुळे म्हातारी माणसं गावाबाहेर टाकल्यासारखी वाटत नाहीत. १८९० च्या दशकात ते पाडायला निघाले होते. वास्तुरचनाकार सी. आर. ॲशबी यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि ते वाचलं.

मृण्मयी_दादर: काका, सायलीताई, खूप आभार! पण आपल्या पावसात उघड्या चौकाचं काय करू?

नकाशेवाले काका, गिरगाव: यूएल्म बघ, ऑक्सफर्डशायरमधलं. १४३७ ची सनद, १३ गरिबांसाठी. चौकाच्या कडेने छप्पर असलेली वाट आहे, पाऊस असला तरी शेजारच्या दारापर्यंत कोरडं जाता येतं. आपल्या चाळीची गॅलरी हेच काम करते. फक्त रुंदी कंजूषपणे देऊ नकोस. दाराशी खुर्ची टाकून कुणी बसलं, तरी वॉकरवाल्याला मागून जाता आलं पाहिजे. आणि उंबरठे काढून टाक, सगळेच्या सगळे. प्लॅन झाला की इथे टाक, मी बघतो.