मोरीची बेंबी दाखवणारे आजो वर्गात गप्प का बसले?

हरमलची_बाई

मी गोव्यात पेडणे तालुक्यात अकरावीला जीवशास्त्र शिकवते. कूर्चामत्स्यांच्या, म्हणजे हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांच्या, धड्यात स्कॉलिओडॉन हा लहान शार्क येतो. मी फळ्यावर चित्र काढलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, ही तर मोरी. काल आमच्याकडे हिचं आंबट-तीक होतं." तिच्या आजोंचं सगळं आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, गेलंय. पुढच्या रविवारी पहाटे मी तिच्याबरोबर किनाऱ्यावर गेले.

आजोंनी जाळ्यातलं एक पिल्लू उचललं, वितीपेक्षा लहानच. ते उताणं केलं आणि छातीच्या दोन परांच्या मधून अंगठा फिरवला. तिथे एक बारीक चीर होती, अजून ओली. "ही बेंबी. भरून आली नाही. नुकतंच जन्मलेलं." एम.एस्सी.ला हाच मासा मी चिरला होता. त्याची पिल्लं आईच्या पोटात नाळेवर वाढतात, हे परीक्षेत लिहिलंही होतं. पण बेंबी पहिल्यांदा पाहिली ती त्या दिवशी. नंतर वाचलं की शार्कचं पिल्लू नवजात आहे की नाही हे संशोधकही याच खुणेवरून ठरवतात.

मग मी आजोंना वर्गात बोलावलं. खुर्ची दिली, गुलाब दिला. मुलांनी चिठ्ठ्यांवरचे प्रश्न वाचले. आजो "हो", "नाही", "असतं तसं" एवढंच बोलले आणि पंधरा मिनिटांत उठले. मुलांच्या वहीत एक ओळ उरली: 'मच्छीमारांना शार्कची माहिती असते.' मला फार वाईट वाटलं. नातीकडून मागाहून कळलं, काही वर्षांपूर्वी एका संस्थेची माणसं त्यांच्याकडे तीन तास बसून फॉर्म भरून गेली होती. त्यानंतर कुणी फिरकलं नाही.

31 जुलैला मासेमारीबंदी संपेल, मग मुलांना मासे मोजायला लावायचंय. या खेपेला आजोंचं ज्ञान मुलांच्या वहीत मोजमापाइतक्याच मानानं यावं, यासाठी काय करू?

केरीचा_गाबीत

बाई, खुर्चीवर बसवलंत तिथंच घोटाळा झाला. हातात मासा नाही, पायाखाली वाळू नाही, तर माणूस बोलणार काय? पोरांना रापण ओढायला आणा. जो दोराला हात लावतो त्याला रापणकार आपणहून सांगतो. बघ्याला कोणी सांगत नाही.

दुसरं, 'शार्क' हा शब्द बाजूला ठेवा. त्या एका शब्दात आमची दहा नावं बुडतात. डोकं हातोड्यासारखं ती कानमुशी, तिला कोणी नुसती मोरी म्हणणार नाही. तेरेखोल नदी ओलांडून महाराष्ट्रात रेडी-शिरोड्याला गेलात की काही नावं पुन्हा बदलतात. नावासमोर गावही लिहा.

आणि एक हात जोडून सांगतो. कुठल्या खडपाजवळ काय मिळतं ते फोनवर टाकू नका. आम्ही ते पोरांना सांगू, जगाला नाही.

सुकती_भरती

मी सागरी जीवशास्त्रात काम करतो. केरीकरांच्या शेवटच्या मुद्द्यावर मुलांसमोर आधी बोलून घ्या, वही नंतर उघडा.

मोजमाप अगदी साधं ठेवा. नाकाडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत टेप. पोटाखाली दोन दांड्या असतील तर नर. बेंबी उघडी की मिटलेली. मग स्थानिक नाव, आणि त्या माणसाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत. जमणार नाही ते गाळलंत तरी चालेल, हा शेवटचा रकाना मात्र गाळू नका.

पुस्तक आणि आजो यांचं जुळलं नाही तर खोडरबर घेऊ नका. स्कॉलिओडॉनची वीण वर्षभर चालते असं पुस्तकं सांगतात. आजो म्हणाले की अमुक महिन्यातच पिल्लं दिसतात, तर दोन्ही लिहा. कदाचित माद्या किनाऱ्याला लागतात त्याच महिन्यात. असा प्रश्न मुलांच्या हाती लागला तर वर्षभराचं काम झालं.

तुमच्या त्याच धड्यात करवत मासा आहे. मुलांनी तो चित्रात पाहिला असेल, आजोंनी कदाचित जाळ्यात. 'शेवटचा केव्हा पाहिलात?' असं विचारा. साल आठवणार नाही, पण 'थोरलीच्या लग्नाच्या आधी' असं नक्की सांगतील. लग्नाचं साल घरात सापडतं. तो मासा आणि व्हेल शार्क दोन्ही 2001 पासून वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. चुकून जाळ्यात आले तर सोडायचे, हेही मुलांना सांगा.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टॉरेस सामुद्रधुनीतले लोक आपल्या सप्तर्षींत शार्क पाहतात. तिचं नाव बायदाम. ती आकाशात कुठे आहे यावरून शार्कच्या विणीचा काळ ते ओळखतात. मुलांना सप्तर्षी ठाऊक आहेत, तिथूनच सुरुवात करा.

मांद्र्याची_माहेरवाशीण

सगळे आजोंनाच विचारताहेत. टोपलीतली मासळी निवडतं कोण? विकणाऱ्या बायकांना विचारा. मी बाळंतीण असताना दूध यावं म्हणून सासूबाईंनी बारकी मोरी शोधून आणली होती. एका जातीला इंग्रजीत मिल्क शार्क म्हणतात, ते नाव आपल्याकडच्या याच समजुतीवरून पडलंय. दूध खरंच वाढतं की नाही तो भाग वेगळा, पण कुठली मोरी आणायची हे त्यांना बरोबर कळत होतं.

हरमलची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आता नातीची आजी पहिली.

काल आजोंकडे जाऊन आले. या वेळी रकाने आखून नेले नाहीत, कोरी वही नेली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "ही परत कुठं जाणार?" मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तिथं. तर वही होडीच्या खोपीत राहायची असं ठरलंय. मुलांनी तिथं येऊन लिहायचं, शाळेत फक्त नक्कल न्यायची, आणि खडपांची नावं नकलेत उतरवायची नाहीत. आजोंनी वासा दाखवला, तिथं खिळा मारून वही टांगली. पेन जाळ्याच्या सुतानं बांधलंय.