शब्दचर्चा : ‘जुनी नोंद’ आणि ‘नोंदीची जुनी आवृत्ती’

विचारणा

नागपुरातील एका पतसंस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठी मी संगणकप्रणालीची मराठी माहितीपुस्तिका लिहीत आहे. प्रणाली फायरबर्ड या डेटाबेसवर चालते. बॅकअपच्या प्रकरणात मी लिहिले होते : ‘रात्रीचा बॅकअप घेताना जुन्या नोंदी आपोआप काढून टाकल्या जातात.’ पुस्तिकेची कच्ची प्रत वाटल्यानंतर चौथ्या दिवशी कळले, की रोखपालबाईंनी बॅकअप घेणेच थांबवले आहे. वाक्याखाली त्यांनी लाल शाईने दोनदा रेघ मारली होती आणि समासात लिहिले होते, ‘मागच्या वर्षीच्या ठेवी?’

चूक माझीच होती. पतसंस्थेत ‘जुनी नोंद’ म्हणजे मागील वर्षाची नोंद, आणि मला म्हणायचे होते ते एकाच नोंदीच्या आता कोणालाही नको असलेल्या पूर्वीच्या रूपांविषयी. इंग्रजीत त्यांना काढून टाकण्याच्या क्रियेला गार्बेज कलेक्शन म्हणतात. पण ठेवीदारांच्या हिशेबाला ‘कचरा’ म्हणायला हात धजत नाही. अशा रूपांना आणि ती काढण्याच्या क्रियेला काय म्हणावे? ‘बॅकअप’ मात्र मी तसाच ठेवणार आहे, कारण ‘राखीव प्रत’ म्हटले की आमच्याकडे कोणासाठी राखीव असे विचारतात.

उत्तर : डेटाबेस सांभाळणारे एक सभासद

शब्दाआधी क्रिया नीट पाहू. समजा, सकाळी 11 वाजता व्यवस्थापकांनी मोठा अहवाल काढायला घेतला आणि तो चालू असतानाच खिडकीवर एका खातेदाराची शिल्लक 5,000 वरून 4,200 झाली. फायरबर्ड 5,000 हा आकडा लगेच पुसून टाकत नाही. तो 4,200 ची नवी आवृत्ती करतो आणि 5,000 ची आवृत्ती तिच्यामागे लावून ठेवतो, कारण व्यवस्थापकांचा अहवाल 11 वाजताच्या चित्रावर उभा आहे आणि त्याला शेवटपर्यंत 5,000 च दिसले पाहिजेत. अहवाल संपला आणि त्या काळातला दुसरा कोणताही व्यवहार (म्हणजे पैशांची देवघेव नव्हे, तर या अहवालासारखे डेटाबेसशी चाललेले एखादे काम) उघडा राहिला नाही, की ती मागची आवृत्ती कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. काढायची ती हीच.

ती काढण्याचे काम पुढे कोणी ती नोंद वाचायला गेले की होऊ शकते. जीबॅक हे बॅकअपचे साधन प्रत्येक तक्त्यातील प्रत्येक नोंद वाचते, म्हणून त्याच्या फेरीत सगळीकडची साफसफाई होऊन जाते. मात्र ही साफसफाई चालू डेटाबेसमध्ये होते. बॅकअपच्या फाइलमध्ये मागच्या आवृत्त्या मुळातच जात नाहीत. ‘जी’ हा पर्याय देऊन साफसफाई टाळली तरी फाइलमध्ये तेच उतरते, फक्त बॅकअप सहसा लवकर आटोपतो. म्हणजे आपल्या वाक्यात चुका दोन आहेत : ‘नोंदी’ हा शब्द, आणि काढणे हा बॅकअपचा भाग असल्याचा भास.

याखेरीज संपूर्ण डेटाबेसची अशीच साफसफाई करणारी स्वीप नावाची वेगळी क्रिया आहे. जुन्या, अडकून राहिलेल्या व्यवहारापासून पुढच्या व्यवहारांचे अंतर मूळ ठेवणीप्रमाणे 20,000 व्यवहारांपलीकडे गेले, की ती आपोआप सुरू होते. हा आकडा शून्य केल्यास आपोआप होत नाही आणि जीफिक्स हे फायरबर्डचे देखभालीचे साधन वापरून रात्री मुद्दाम करावी लागते. तिला ‘झाडलोट’ म्हणण्यास कोणाची हरकत नसावी.

‘मुदतबाह्य’ कृपया नको. औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते, इथे तशी तारीख नसते.

उत्तर : निवृत्त पटवारी

हे सगळे वाचून मला सातबारा आठवला. जमीन विकली गेली, की फेरफार मंजूर झाल्यावर आम्ही जुन्या खातेदाराचे नाव खोडरबराने पुसत नव्हतो, त्या नावाला कंस करत होतो आणि नवे नाव खाली लिहीत होतो. दर 10 वर्षांनी पुनर्लेखन असे. त्या वेळी चालू नावेच नव्या सातबाऱ्यावर उतरत आणि कंसातली नावे मागे राहत. बॅकअप घेऊन तो पुन्हा चढवला की मागच्या आवृत्त्या नसलेला डेटाबेस मिळतो, ते आमचे पुनर्लेखनच झाले. म्हणून ‘कंसातली आवृत्ती’ सुचवतो.

आणखी एक. ‘रद्द’ आणि ‘रद्दी’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून फारसीमार्गे आपल्याकडे आले. पण रद्द केलेला कागद लगेच रद्दीत जात नाही, तो आधी फाइलला लावलेला राहतो. हा फरक इथे उपयोगी पडावा.

उत्तर : डेटाबेस सांभाळणारे तेच सभासद

काकाजी, पुनर्लेखनाचा दाखला इतका चपखल आहे की तो मी आमच्याकडच्या नव्या मुलांना सांगणार आहे. ‘कंस’ मात्र अडचणीचा वाटतो. कंसातले नाव पुढे वाद निघाला तर पुरावा म्हणून पाहता येते, आणि नव्या सातबाऱ्यावर नसले तरी जुन्या सातबाऱ्यावर सापडते. फायरबर्डची मागची आवृत्ती इतिहासासाठी ठेवलेली नसते. उघड्या व्यवहारांची गरज संपली की तिला कोणीही वाली नसतो. ‘रद्द’ तर आम्हाला दुसरीकडे हवा आहे : व्यवहार अर्ध्यात मागे घेतला, की तो रद्द झाला म्हणतो. त्यात नवी आवृत्ती बाद होते आणि जुनीच खरी ठरते, म्हणजे अर्थ नेमका उलटा होतो.

‘कालबाह्य’ही मनास पटत नाही. दोन मिनिटांपूर्वीची आवृत्ती टाकाऊ झालेली असू शकते आणि कोणी काल संध्याकाळी अहवाल उघडा ठेवून घरी गेले असेल, तर कालची अजून लागणारी असू शकते. काळाचा इथे संबंध नाही, गरजेचा आहे.

उत्तर : भांडारात काम केलेले एक सभासद

गरजेचाच प्रश्न असेल, तर सरकारी कचेरीत त्यासाठी शब्द आहे : निर्लेखन. डेडस्टॉक रजिस्टरमधली खुर्ची मोडली म्हणून कोणी परस्पर फेकत नाही; ती कोणाच्याही वापरात नाही याची खातरजमा होते, मंजुरी मिळते आणि मगच तिचे निर्लेखन होऊन जागा मोकळी होते. खुर्ची किती वर्षांची हे दुय्यम असते. आपल्या डेटाबेसलाही आधी ‘कोणी वापरत आहे काय’ हेच पाहावे लागते, असे वरून दिसते.

विचारणा करणाऱ्याकडून

‘निर्लेखन’ अर्थाला अगदी बरोबर बसतो. परंतु रोखपालबाईंना तो वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी लगेच विचारले की कर्जे निर्लेखित करतात तसे काय? पतसंस्थेत त्या शब्दाला थकीत कर्जाचा वास आहे, तो पुसता येणार नाही. प्रणाली चालवणाऱ्यांच्या परिशिष्टात तो ठेवतो. मुख्य मजकुरात ‘मागील आवृत्ती’ आणि ‘वापर संपलेली मागील आवृत्ती’ असे दोन प्रयोग करीत आहे. लांब आहेत, पण गैरसमज होत नाही. सुधारलेला मजकूर असा :

‘बॅकअप घेतल्याने कोणत्याही वर्षाची कोणतीही नोंद जात नाही. एखादी नोंद बदलल्यावर तिची मागील आवृत्ती काही काळ डेटाबेसमध्ये राहते. वापर संपलेल्या अशा आवृत्त्या बॅकअपच्या वेळी चालू डेटाबेसमधून काढल्या जातात. सायंकाळी जाण्यापूर्वी सर्वांनी आपापले अहवाल बंद करावेत.’

शेवटचे वाक्य बाईंनी स्वतः घातले आहे. बॅकअप कालपासून पुन्हा सुरू झाला.