मदत हवी आहे : मुलाला ब्राँकिएक्टेसिस आहे, बैठका मारू द्याव्यात का?

मंडळी, लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगा 11 वर्षांचा, वजन 26 किलो. दीड वर्षाचा असताना न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटरवर होता. वाचला, पण डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग कायमचा खराब झाला. तिथल्या श्वासनळ्या रुंद होऊन कफ साचून राहतो. रोज दोन वेळा नेब्युलायझर, मग पाठ थोपटून कफ काढणं. वर्षातून दोन-तीनदा अँटिबायोटिकचा कोर्स ठरलेला.

इतकी वर्षं आम्ही त्याला फक्त जपलं. पीटीच्या तासाला बाकावर, सहलीला घरी. आता पिंढऱ्या काडीसारख्या झाल्यात आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना मध्येच थांबतो. नव्या डॉक्टरबाईंनी टू-डी इको केला. हृदय चांगलं आहे, उजव्या बाजूचा दाब वाढलेला नाही. म्हणाल्या, "पायांत ताकद आणा, नुसतं चालणं पुरणार नाही." एवढं बोलून पुढचा पेशंट आत.

घरात दोन पक्ष पडलेत. सासरे जुने तालमीतले (कोल्हापूरचे आहोत, नवल नाही). त्यांचं म्हणणं, द्या माझ्याकडे, 50 बैठका, 20 जोर, आणि लाल माती अंगाला लागली की दम आपोआप वाढतो. सासूबाई म्हणतात, आधीच छाती नाजूक, हृदयाला ताण कशाला? परवा जिना चढल्यावर ऑक्सिमीटर लावला. नाडी 148, ऑक्सिजन 96 वरून 93. दोन मिनिटांत सगळं जागेवर आलं, पण तो 148 बघून माझेच हातपाय गळाले.

इतकी नाडी धोक्याची का? वजन उचलल्यानं उंची खुंटते का? आणि तालमीत पाठवू का? अशा मुलांचे पालक किंवा कुणी फिजिओ असाल तर कृपया सांगा.

— शेवगा

ओवा :
मी लहान मुलांची फिजिओ आहे. तुमच्या मुलाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सगळं डॉक्टरांना विचारूनच करा.

148 ला घाबरू नका. या वयाची मुलं पूर्ण दमेपर्यंत धावली की नाडी 200 च्या आसपास जाते. नेब्युलायझरमध्ये साल्ब्युटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) असेल तर बसल्या जागीही वाढते. लक्ष ऑक्सिजनवर ठेवा. तो सतत कमी राहिला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदयाच्या उजव्या बाजूवर भार येतो. इको त्यासाठीच केला होता. दाब वाढलेला असता तर मीच वजनं नको म्हटलं असतं. 6 मिनिटांची चालण्याची चाचणी करून घ्या आणि ऑक्सिजन कितीवर आला की थांबायचं, तो आकडा डॉक्टरांकडून लिहूनच आणा.

फुफ्फुस आहे तेवढंच राहणार. पण मांड्या भरल्या की तोच जिना कमी श्वासात चढता येतो, हृदयालाही कमी धावावं लागतं.

आजोबांच्या 50 मात्र नकोत. खुर्चीवरून उठबस 8-10 वेळा, दम खाऊन पुन्हा तेवढ्याच. आठवड्यातून 3 दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. सोपं वाटलं की हातात लिटरभर पाण्याची बाटली. श्वास अजिबात कोंडायचा नाही, कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. त्यासाठी आकडे मोठ्यानं मोजायला लावा, बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. नीट शिकवून, कुणाच्या तरी नजरेखाली केलं तर उंची खुंटत नाही. ताप आला, कफाचा रंग बदलला तर सुट्टी. कफात रक्त दिसलं तर थेट डॉक्टर.

पाणंद :
आमच्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस (छातीत घट्ट कफ साचणारा जन्मजात आजार) आहे, 13 वर्षांची. आमचा क्रम सांगतो : नेब्युलायझर, मग व्यायाम, मग कफ काढणं. उठबस केल्यावर कफ इतका सुटतो की आमचं थोपटणं निम्म्यावर आलं. जेवणानंतर लगेच करू नका, खोकल्याबरोबर सगळं बाहेर येतं (अनुभव!). आणि 26 किलो म्हणजे आधी पोटाचं बघा. अंडी, दूध, शेंगदाण्याचा लाडू, जे खाईल ते. खाणं कमी आणि व्यायाम जास्त केला तर वजन आणखी उतरतं, आम्ही ही चूक केली होती. तालमीची माती नको, हौद्यातली धूळ या मुलांच्या छातीला सोसत नाही.

शेवगा :
दोघांचे आभार. डॉक्टरांना फोन केला. चालण्याची चाचणी बुधवारी आहे, तोवर खुर्चीची उठबस चालेल म्हणाल्या. सासरे आधी रुसले होते, पण मोजायचं काम त्यांच्याकडे दिल्यावर तयार झाले. आज 8 झाल्या, ऑक्सिजन 94 च्या खाली गेला नाही. एकच विचारायचं राहिलं : उठताना तो खुर्चीच्या हातांना धरून वर येतो. चालेल, की बिनहाताची खुर्ची घेऊ?