निसर्गोपचाराला आधी कायद्याची नोंदणी हवी की आधी पुरावा?

चर्चाप्रस्ताव : लोकमान्यनगरकर

आपल्या इंदूरमध्ये गेल्या काही वर्षांत निसर्गोपचार केंद्रांच्या पाट्या वाढल्या आहेत. पाटीमागे बसलेली व्यक्ती साडेपाच वर्षांचे शिक्षण घेऊन आली आहे की आठ दिवसांच्या शिबिरातून, हे ओळखण्याचा सोपा मार्ग मात्र सामान्य रुग्णाकडे नाही. नात्यातल्या एका मुलीला बी.एन.वाय.एस. करायचे आहे, म्हणून मी या विषयातली कागदपत्रे वाचू लागलो. त्यातून बनलेले मत इथे मांडतो आणि त्यावर विरोधी मते आवर्जून मागतो.

निसर्गोपचार आणि योगशास्त्राची ही पदवी साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता अशी आहे. तिचे पहिले महाविद्यालय कर्नाटकात उजिरे येथे 1989 साली सुरू झाले. केंद्रीय योग व निसर्गोपचार संशोधन परिषद 1978 पासून आहे, पुण्याची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था 1986 पासून आहे, आणि 'आयुष' मंत्रालयाच्या कक्षेत हा विषय येतो. असे असूनही भारतीय चिकित्सा पद्धतींसाठी 2020 साली जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) यांचा समावेश आहे; योग आणि निसर्गोपचार बाहेर राहिले. कर्नाटक, तमिळनाडू अशा काही राज्यांत या पदवीधरांची नोंदणी होते, पण सगळ्या देशाला लागू असलेली एक नोंदवही नाही.

बाहेरचे चित्र याहून पुढे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली निसर्गोपचाराच्या प्रशिक्षणाची किमान पातळी ठरवून दिली. वैद्यकाची पार्श्वभूमी नसलेल्याने किमान 1500 तास शिकावे आणि त्यातले निदान 400 तास देखरेखीखाली रुग्णसेवेत घालवावेत, असे तिच्यात म्हटले आहे. अमेरिकेत मान्यताप्राप्त महाविद्यालयांसाठी ही अट 4100 तासांची आहे, त्यातले 1200 तास रुग्णसेवेचे, आणि त्यानंतर परवान्यासाठी स्वतंत्र परीक्षा. कॅनडाच्या ओंटारियो प्रांताने 2007 साली केलेला कायदा 2015 पासून पूर्णपणे अमलात आला, आणि तिथे तक्रार ऐकणारे, चौकशी करणारे आणि परवाना काढून घेणारे मंडळ आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की आपल्याकडेही असे मंडळ आधी स्थापन व्हावे. संशोधन वाढेल, पुरावा जमेल आणि मगच मान्यतेचा विचार करू, असे म्हणत बसलो, तर तोपर्यंतच्या रुग्णांना कोणाचेच संरक्षण मिळणार नाही.

प्रतिसाद 1 : पलासियाची डॉक्टर

काका, आपली कळकळ पोचली, पण आपण सुचवलेला क्रम मला धोकादायक वाटतो. मी औषधवैद्यक विभागात काम करते. सरकारी परवाना भिंतीवर लागला की रुग्ण त्याचा अर्थ 'हा उपचार चालतो' असाच घेतो. 'हा मनुष्य शिकलेला आहे' एवढाच मर्यादित अर्थ कोणी घेत नाही.

त्याची किंमत काय असते, हे कर्करोगाच्या बाबतीत मोजले गेले आहे. अमेरिकेत 2018 साली राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या नावाच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बऱ्या होऊ शकणाऱ्या कर्करोगात ज्यांनी प्रचलित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतले, त्यांच्या मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे अडीच पट होता, आणि स्तनाच्या कर्करोगात तर तो पाच पटींहून अधिक होता. ही माणसे अडाणी नव्हती. पर्यायी मार्ग निवडणाऱ्यांत शिकलेल्या आणि चांगल्या उत्पन्नाच्या लोकांचे प्रमाण उलट जास्त होते.

नोंदणीने हे थांबते का, याचे उत्तर जर्मनीत मिळते. तिथे 1939 च्या कायद्याखाली 'हाइलप्राक्टिकर' नावाचा व्यावसायिक वर्ग सरकारमान्य आहे. वय पंचवीस पूर्ण आणि आरोग्य कार्यालयाची परीक्षा उत्तीर्ण एवढे झाले की व्यवसाय करता येतो. ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण करण्याची सक्ती नाही. 2016 साली तिथल्या ब्रुगेन गावातल्या अशाच एका केंद्रात, मान्यता नसलेले रसायन शिरेतून दिल्यानंतर कर्करोगाचे तीन रुग्ण दगावले, आणि 2019 साली न्यायालयाने उपचारकाला दोषी ठरवले. त्याच्याकडे परवाना होता. म्हणून मी आधी पुरावा मागते.

प्रतिसाद 2 : उपवास आणि आहार

मी बी.एन.वाय.एस. करून गेली काही वर्षे इंदूरमध्येच काम करतो, तेव्हा माझा पक्ष उघड आहे.

डॉक्टरताई, आपण दिलेली दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण त्यांतले काहीही मला शिकवलेल्या निसर्गोपचारात बसत नाही. आमच्या परंपरेत शिरेतून रसायन देणे तर दूरच, औषधच देत नाहीत. माती, पाणी, बाष्पस्नान, मालिश, आहार, उपवास आणि योग एवढीच आमची साधने आहेत. उत्तर अमेरिकेतल्या निसर्गोपचारात जीवनसत्त्वांच्या गोळ्या, वनौषधी आणि होमिओपॅथीही येते, आणि ऑरेगॉन, ॲरिझोना अशा राज्यांत त्यांना प्रचलित औषधे लिहून देण्याचाही काही अधिकार आहे. एका नावाखाली जगभर इतके वेगळे व्यवहार चालत असताना एका देशातला दोष दुसऱ्याच्या माथी मारणे न्याय्य नाही. जागतिक निसर्गोपचार महासंघ 2014 साली स्थापन झाला, तोही देशोदेशींच्या शिक्षणात काही समान धागा आणण्यासाठीच.

आता पुराव्याबद्दल. नॉर्वेतल्या संशोधकांनी 1991 साली 'लॅन्सेट'मध्ये संधिवाताच्या त्रेपन्न रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका गटाने आधी सात ते दहा दिवस उपवास आणि नंतर वर्षभर शाकाहार केला, आणि सांध्यांची सूज व वेदना यांत झालेली सुधारणा वर्षाअखेरही टिकून होती. कॅनडातल्या टपाल कर्मचाऱ्यांवरील चाचणी 2013 साली तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आली. तिच्यात 246 जण होते. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर वर्षभर निसर्गोपचारही मिळाला, आणि पुढील दहा वर्षांतील हृदयविकाराचा अंदाजित धोका त्या गटात सुमारे तीन टक्के अंकांनी कमी निघाला. चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते, आणि नियतकालिक आमच्या पंथाचे नव्हते.

आमच्या क्षेत्रात संशोधन थोडे आहे, हे मी नाकारत नाही. पण ते थोडे का आहे? मातीच्या पट्टीवर कोणालाही एकस्व (पेटंट) मिळत नाही, त्यामुळे औषध कंपनी पैसा घालत नाही. ज्या व्यवसायाला राष्ट्रीय नोंदणीच नाही, त्याच्यासाठी पदव्युत्तर जागा, रुग्णालयातील नेमणुका आणि संशोधनाची पदे कुठून निर्माण होणार? पुरावा नाही म्हणून मान्यता नाही, आणि मान्यता नाही म्हणून पुरावा गोळा करण्याची सोय नाही, अशा घाण्याला आम्हाला जुंपले आहे.

प्रतिसाद 3 : पलासियाची डॉक्टर

टपाल कर्मचाऱ्यांची चाचणी मी वाचली आहे आणि तिचा आदर करते, पण ती नेमके काय सिद्ध करते ते पाहू. निसर्गोपचाराच्या गटाला वर्षभरात अनेक भेटी, आहार-व्यायामाचे सविस्तर मार्गदर्शन आणि काही पूरक गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या गटाला कुटुंब डॉक्टरांची नेहमीची काळजी. कोण कोणत्या गटात आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. तेवढाच वेळ एखाद्या आहारतज्ज्ञाने दिला असता, तर फरक उरला असता का, हे त्या मांडणीतून कळत नाही. रुग्णाला वेळ द्या आणि त्याचे खाणे सुधारा, एवढे त्यातून निश्चित निघते, आणि ते मला शंभर टक्के मान्य आहे. किंबहुना आमच्या बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत तेवढा वेळ देता येत नाही, हे आमच्या व्यवस्थेचे मोठे न्यून आहे. पण त्यासाठी वेगळी चिकित्सा पद्धती कशाला हवी?

प्रतिसाद 4 : रामबागकर

मी या दोन्ही बाजूंची नाही. माझ्या वडिलांना मधुमेह होता. शहरातल्या एका केंद्रात त्यांना रसाहार सुरू करून इन्सुलिन बंद करण्याचा सल्ला दिला गेला, आणि चौथ्या दिवशी आम्हाला त्यांना अतिदक्षता विभागात न्यावे लागले. ते वाचले.

त्यानंतर तक्रार कुठे करायची, हे मी शोधत राहिले. डॉक्टरांच्या मंडळाने कळवले की ही व्यक्ती आमच्या नोंदवहीत नाही. आयुर्वेदाच्या मंडळाकडूनही तेच उत्तर आले. पोलिसांत जाता आले असते, पण वडील तयार नव्हते. त्यांना त्या उपचारकाचे नुकसान नको होते, त्याने पुन्हा कोणाला असे सांगू नये एवढेच हवे होते. एवढी साधी गोष्ट करू शकेल असे एकही कार्यालय मला सापडले नाही.

डॉक्टरताई, नोंदणीमुळे खोटा विश्वास निर्माण होतो हे आपले म्हणणे मला पटते. पण तो विश्वास नोंदणीशिवायही निर्माण झालेलाच आहे. माझ्या वडिलांनी कोणताही परवाना पाहिला नव्हता. जर्मनीत निदान खटला उभा राहिला आणि निकाल लागला. मला नोंदणी हवी ती उपचारकाच्या सन्मानासाठी नाही, त्याला जाब विचारता यावा म्हणून. आणि तिच्यात काय करू नये याची यादी कायद्यानेच घातलेली हवी: चालू औषध परस्पर बंद करू नये, पहिल्या प्रकारच्या मधुमेहात उपवास देऊ नये, कर्करोगाचा संशय आला की त्याच दिवशी पुढे पाठवावे.

प्रतिसाद 5 : सुदामानगरवासी

मी तिसऱ्याच कारणाने नोंदणीला विरोध करतो. आपल्या देशात हा विषय महाविद्यालयांतून आलेला नाही. गांधीजींनी क्यूने आणि युस्ट या जर्मन उपचारकांची पुस्तके वाचून स्वतःवर आणि आश्रमवासीयांवर प्रयोग केले, पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या केंद्रात राहिले, आणि 1946 साली उरुळीकांचनला खेड्यातल्या गरिबांसाठी निसर्गोपचार आश्रम उभा केला, जो पुढे मणिभाई देसाई यांनी सांभाळला. रोग्याने स्वतःच्या देहाची काळजी स्वतः घ्यायला शिकावे, हा त्यामागचा विचार होता. साडेपाच वर्षांची पदवी, तिचे शुल्क आणि मग ते वसूल करणारी वातानुकूलित केंद्रे, हा प्रवास त्या विचाराच्या नेमका उलट्या दिशेचा आहे. नोंदणी सक्तीची झाली, तर खेड्यात विनामूल्य मातीची पट्टी बांधणारा कार्यकर्ता गुन्हेगार ठरेल आणि महागडे केंद्र मात्र अधिकृत होईल.

पैशांचाही प्रश्न आहे. मान्यतेपाठोपाठ विम्याची मागणी येते. ऑस्ट्रेलियात सरकारने नेमलेल्या आढाव्यात 2015 साली सतरा नैसर्गिक उपचारांच्या परिणामकारकतेचा स्पष्ट पुरावा आढळला नाही, आणि एप्रिल 2019 पासून निसर्गोपचारासह अनेक पद्धती सरकारी सवलत मिळणाऱ्या खाजगी विम्यातून वगळण्यात आल्या. पुढे फेरआढावा झाला आणि त्यांतल्या काही पद्धतींना पुन्हा घेण्याची शिफारस झाली. श्रीमंत आणि सुसंघटित देशाचे हे असे मागेपुढे चालते, तर आपल्या आयुष्मान कार्डावरचा पैसा कशावर खर्चावा, हे कोणत्या आधारावर ठरवणार?

प्रतिसाद 6 : लोकमान्यनगरकर

सुदामानगरवासी, विनामूल्य सेवा करणाऱ्याला अडवावे असे मी म्हणत नाही. शुल्क घेऊन, 'चिकित्सक' म्हणवून, रोगाचे नाव घेऊन उपचार करणाऱ्यालाच नोंदणी लागू व्हावी. घरात किंवा आश्रमात आहार-उपवास शिकवणाऱ्याला ती लागू नसावी. विम्याचा प्रश्न मी पूर्ण वेगळा ठेवतो. नोंदणी ही माणसाची असते आणि विमा उपचाराला मिळतो. एकेका उपचाराचा पुरावा तपासल्याशिवाय सरकारचा एक रुपयाही जाऊ नये, याबद्दल डॉक्टरताईंचे आणि माझे एकमत आहे.

रामबागकर ताई, आपल्या प्रतिसादाने माझ्या प्रस्तावातली मोठी उणीव भरून निघाली. निषिद्ध गोष्टींची यादी हा त्या कायद्याचा पहिला भाग असावा, आणि शिक्षणाचे तास त्यानंतर यावेत.

प्रतिसाद 7 : पलासियाची डॉक्टर

रामबागकर ताईंचे अनुभव वाचून मी माझी अट बदलते. निषिद्ध गोष्टींची यादी असेल, ती मोडल्यास नोंदणी रद्द होईल, आणि यादी ठरवणाऱ्या समितीत निसर्गोपचारकांचे बहुमत नसेल, तर मी पुराव्याची वाट न पाहता नोंदणीला पाठिंबा देईन. शेवटची अट मला सोडता येणार नाही.

प्रतिसाद 8 : उपवास आणि आहार

यादीला माझी हरकत नाही; त्यातल्या बहुतेक गोष्टी आम्हाला आंतरवासितेतच शिकवतात. पण समितीत आमचे बहुमत नको, ही अट मला मान्य नाही. ॲलोपॅथीच्या मंडळावर आयुर्वेदाचार्यांचे बहुमत असावे, असे कोणी म्हणत नाही. आमच्यावर निर्णय देणाऱ्यांना कटिस्नानाच्या पाण्याचे तापमान किती असावे आणि कोणत्या रुग्णाला उपवास देऊ नये, हे माहीत असायला हवे. निम्मे सदस्य आमचे, उरलेल्यांत प्रचलित वैद्यकाचे डॉक्टर आणि रामबागकर ताईंसारखे रुग्णांचे प्रतिनिधी, आणि अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, अशी रचना डॉक्टरताईंना चालेल का?